शेवटच्या घंटेनंतर : अमेरिकी शाळांतील मुलींचा सॉकर आणि त्याचे शिक्षक-प्रशिक्षक

अमेरिकेत ‘फुटबॉल’ हे नाव शिरस्त्राण घालून आणि लांबट चेंडू हातात धरून खेळल्या जाणाऱ्या तेथील स्वतंत्र खेळाला मिळालेले असल्यामुळे, उर्वरित जग ज्याला फुटबॉल म्हणते त्या खेळाला तेथे ‘सॉकर’ म्हणतात. आणि तेथील माध्यमिक शाळांत, म्हणजे नववी ते बारावीच्या वर्गांत शिकणाऱ्या मुली जे सांघिक खेळ मोठ्या संख्येने खेळतात त्यांत आज या सॉकरची गणना होते. अर्ध्या शतकापूर्वी अशी कल्पनाही कोणी केली नसती. राज्य शालेय क्रीडासंघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने १९७१–७२ या शैक्षणिक वर्षाची जी गणती केली, तीत मुलींचा सॉकर-संघ असलेल्या शाळा सबंध देशात २८ आणि त्यांतून खेळणाऱ्या मुली ७०० इतक्याच भरल्या. १९९१ पर्यंत खेळणाऱ्या मुलींची संख्या १,२१,७२२ वर गेली आणि २०१८–१९ च्या गणतीत ती ३,९४,१०५ झाली. या वाढीचे श्रेय एकीकडे १९७२ च्या कायद्याला आणि दुसरीकडे विश्वचषक जिंकणाऱ्या राष्ट्रीय संघातील खेळाडूंना दिले जाते, आणि ते दोन्ही परींनी योग्यच आहे. परंतु कायदा मंजूर होणे आणि विश्वचषक हाती येणे यांच्या मधल्या दोन दशकांत हा खेळ प्रत्यक्ष उभा केला तो दिवसभर इतिहास, गणित, जीवशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण शिकवून शेवटच्या घंटेनंतर गळ्यात शिट्टी अडकवणाऱ्या शिक्षकांनी, आणि क्रीडा-इतिहासात त्यांच्या वाट्याला आलेली जागा त्यांच्या कामाच्या मानाने फार थोडी आहे.

हा शिक्षक-प्रशिक्षक म्हणजे नेमका कोण, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी फुटबॉल शिकते ती बहुधा गल्लीत किंवा क्लबात, आणि शाळेचा त्याच्याशी संबंध आला तर तो ओझरता असतो; अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्पर्धात्मक खेळाचे मुख्य घर शाळा हेच राहिले. तेथील शाळेत प्रत्येक खेळाचा एक हंगाम असतो आणि त्या हंगामापुरता संघ शिकवण्याचे काम शाळेतीलच एखाद्या अध्यापकाकडे वेगळ्या कराराने सोपवले जाते, ज्यासाठी वेतनाव्यतिरिक्त ठरावीक मानधन मिळते. महाराष्ट्रातील शाळेत ‘पी.टी.चे सर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रीडाशिक्षकाकडे सर्वच खेळ असतात. अमेरिकी प्रशिक्षक एका वेळी एकच संघ सांभाळतो आणि तो शारीरिक शिक्षणाचाच शिक्षक असेल असे नाही. या व्यवस्थेतील एक बारकावा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, तो असा की शिक्षक म्हणून असलेली नोकरी कायम असू शकते, पण प्रशिक्षकपद बहुधा वर्षाच्या कराराचे असते आणि शाळेच्या मर्जीवर अवलंबून असते.

मुलींच्या शालेय खेळाला १९७२ पूर्वी इतिहासच नव्हता, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेने १८९२ मध्येच विद्यार्थिनींना बास्केटबॉल शिकवला आणि खेळाडूंची फार दमछाक होऊ नये म्हणून मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येकीला आपल्या भागातच राहण्याचा नियम केला. या शिक्षिकांच्या परंपरेत स्पर्धेविषयी खोल अविश्वास होता. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात तिकिटांचा पैसा, दुखापती आणि जिंकण्याची ईर्षा यांनी जो गोंधळ माजवला होता तो त्यांनी जवळून पाहिला होता, आणि १९२३ मध्ये लू हेन्री हूवर यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा जो महिला विभाग स्थापन झाला त्याने थोड्या निवडक मुलींच्या सामन्यांपेक्षा सर्व मुलींच्या सहभागाला महत्त्व देण्याचे धोरण स्वीकारले. त्यातूनच ‘प्ले डे’ नावाची प्रथा रूढ झाली, ज्यात वेगवेगळ्या शाळांच्या मुली एकत्र जमत आणि शाळेचा शाळेशी सामना होऊ नये म्हणून त्यांचे मिश्र संघ पाडून खेळवले जाई. या शिक्षिकांचा हेतू सद्भावनेचा होता यात शंका नाही आणि सर्वांनी खेळावे हा त्यांचा आग्रह आजही आदरास पात्र आहे. तथापि त्याचा परिणाम असा झाला की मुलींच्या वाट्याला ना वेळापत्रक आले, ना गणवेश, ना अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम.

या काळात मुली सॉकर खेळत होत्या, पण तो शारीरिक शिक्षणाच्या तासाला. मुली आणि स्त्रियांच्या खेळांसाठी असलेल्या विभागाच्या नियमपुस्तिकांत सॉकर आणि स्पीडबॉल हे दोन खेळ एकत्र छापलेले असत. स्पीडबॉल म्हणजे मिशिगन विद्यापीठातील एल्मर मिचेल यांनी १९२१ मध्ये तयार केलेला, सॉकर आणि बास्केटबॉल यांचे मिश्रण असलेला खेळ. शाळेबाहेरचा एक प्रयोगही नोंद घेण्याजोगा आहे. सेंट लुइस शहरात फादर वॉल्टर क्रेग या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुलींच्या चार संघांची सॉकर-साखळी सुरू झाली आणि ती दोन हंगाम चालली. याच्या उलट, शाळेने मनावर घेतले तर काय होते याचे उदाहरण आयोवा राज्याने बास्केटबॉलमध्ये घालून दिले होते : राज्य संघटनेने मुलींच्या स्पर्धांतून अंग काढून घेतले तेव्हा लहान गावांतील शाळांच्या प्रमुखांनी १९२५ मध्ये मुलींसाठी स्वतंत्र राज्य संघटना उभारली आणि पुढची कित्येक दशके तेथील खेड्यापाड्यांत मुलींचा सामना हा गावाचा सोहळा झाला. सॉकरला असा आश्रय मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

ज्या कायद्याने ही स्थिती पालटली तो मुळात खेळाविषयीचा कायदाच नव्हता. प्रतिनिधिगृहाच्या सदस्य ईडिथ ग्रीन यांनी १९७० च्या उन्हाळ्यात शिक्षणक्षेत्रातील स्त्रियांविरुद्धच्या भेदभावावर सुनावण्या घेतल्या, तेव्हा चर्चा होती ती वैद्यकीय आणि कायद्याच्या महाविद्यालयांतील प्रवेशांची, शिष्यवृत्त्यांची आणि प्राध्यापिकांच्या वेतनाची. ग्रीन राजकारणात येण्यापूर्वी ऑरेगन राज्यातील सेलम येथे शाळाशिक्षिका होत्या, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्यासारखी नाही. हवाईच्या पॅट्सी मिंक आणि सिनेटमध्ये इंडियानाचे बर्च बाय यांच्या प्रयत्नांनी ही तरतूद १९७२ च्या शिक्षण-सुधारणा कायद्याचे नववे प्रकरण म्हणून समाविष्ट झाली, आणि २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक कार्यक्रमात लिंगावरून कोणालाही वगळता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. इंग्रजीतील मूळ वाक्य ३७ शब्दांचे आहे आणि त्यात खेळाचा उल्लेख नाही. ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचे खेळासंबंधीचे नियम १९७५ मध्ये लागू झाले आणि माध्यमिक शाळांना त्यांची पूर्तता करण्यासाठी जुलै १९७८ पर्यंत तीन वर्षांची मुदत मिळाली.

या तीन वर्षांत शाळांच्या क्रीडासंचालकांपुढे जे गणित उभे राहिले त्यातून सॉकर पुढे आला. १९७१–७२ मध्ये शालेय खेळांत ३६ लाखांहून अधिक मुलगे आणि २,९४,०१५ मुली होत्या, आणि मुलांच्या आकड्यात अमेरिकी फुटबॉलच्या भल्यामोठ्या संघांचा मोठा वाटा होता. त्या खेळाला तोलणारा मुलींचा खेळ अस्तित्वातच नव्हता. सॉकरच्या एका संघात अकरा जणी मैदानावर आणि जवळपास तितक्याच राखीव असतात, पहिल्या संघाखाली ‘ज्युनिअर व्हर्सिटी’ म्हणजे कनिष्ठ संघही उभा करता येतो, आणि त्यासाठी लागते ते एक मैदान, दोन गोलखांब आणि काही चेंडू. व्यायामशाळेच्या बंदिस्त जागेत बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल आधीच दाटीवाटीने चालत असल्यामुळे मोकळ्या हवेतला, स्वस्त आणि पुष्कळ मुलींना सामावून घेणारा हा खेळ शाळांना सोयीचा वाटला. शिवाय खेळाडूंचा पुरवठाही सुरू झाला होता, कारण लॉस एंजेलिस परिसरातील टॉरन्स येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी युवक सॉकर संघटनेने १९७१ पासून मुलींसाठी संघ सुरू केले होते आणि प्रत्येक खेळाडूला निदान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे हा तिचा नियम लहान मुलींच्या पालकांना पटला होता.

तरीही वाट सरळ नव्हती. १९७५ च्या नियमांत ‘शारीरिक संपर्काचे खेळ’ असा एक अपवाद होता. मुष्टियुद्ध, कुस्ती, रग्बी, आइस हॉकी, अमेरिकी फुटबॉल, बास्केटबॉल आणि ज्यांत अंगाला अंग भिडणे हा मुख्य भाग असतो असे इतर खेळ यांत मुलांच्या संघात मुलीला घेण्याचे बंधन शाळेवर नव्हते. सॉकर या यादीत नावाने नव्हता, परंतु कोलोरॅडो राज्याच्या शालेय संघटनेने आपल्या वैद्यकीय समितीच्या सल्ल्याने त्याला संपर्काचा खेळ ठरवले आणि त्यात मुलींना मनाई केली. गोल्डन हायस्कूलमध्ये अकरावीत शिकणारी सोळा वर्षांची एक मुलगी मुलांच्या कनिष्ठ संघातून खेळत होती, कारण मुलींचा संघच नव्हता. या नियमामुळे तिला संघाबाहेर काढण्यात आले आणि प्रकरण संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात गेले. ‘हूवर विरुद्ध माइकलजॉन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायमूर्ती रिचर्ड मॅच यांनी १९७७ मध्ये दिलेला निकाल मूळ कायद्यापेक्षाही नेमका आहे : कितीही किरकोळ अंगकाठीचा मुलगा खेळू शकतो आणि कितीही दणकट मुलगी खेळू शकत नाही, अशा नियमाचा सुरक्षिततेशी तर्कसंगत संबंध लावता येत नाही, असे त्यांनी दाखवले आणि शाळांपुढे तीन पर्याय ठेवले. सॉकर सर्वांसाठी बंद करावा, मुलींचा स्वतंत्र संघ पुरेशा पाठबळासह उभा करावा, किंवा एकाच संघात दोघांनाही संधी द्यावी. सॉकर बंद करायला कोणी तयार होणार नव्हते आणि मिश्र संघ बहुतेकांना नको होते. साहजिकच मधला पर्याय उरला, आणि तो अमलात आणायचा तर कोणीतरी संध्याकाळी मैदानावर उभे राहायला हवे होते.

या ‘कोणीतरी’चे काम कसे होते, हे तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण खेळाची उभारणी याच पातळीवर झाली. सत्तरच्या दशकातील अमेरिकी शिक्षकांपैकी फार थोड्यांनी स्वतः सॉकर खेळलेला होता, आणि स्त्री शिक्षकांपैकी तर शालेय संघातून कोणताही खेळ खेळलेल्या मोजक्याच होत्या. ज्याने तयारी दाखवली तो प्रशिक्षक, असाच प्रकार अनेक ठिकाणी होता. मग नियमपुस्तिका आणून ऑफसाइड म्हणजे काय ते आधी स्वतः समजून घ्यायचे, १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सॉकर प्रशिक्षक संघटनेच्या शिबिरांना जायचे, गावात कोणी युरोपातून किंवा लॅटिन अमेरिकेतून आलेला जुना खेळाडू असला तर त्याला गाठायचे, आणि सकाळी शिकलेले संध्याकाळी मुलींना शिकवायचे. शाळेचे मुख्य मैदान शरद ऋतूत अमेरिकी फुटबॉलच्या मुलांकडे असे, तेव्हा मुलींच्या वाट्याला इमारतीमागचा उतार किंवा बेसबॉलच्या मैदानाचा गवताळ भाग येई. सामन्याच्या दिवशी प्रशिक्षकाने स्वतः फक्की टाकून मैदान आखायचे, जाळ्या बांधायच्या, मुलांच्या संघाचे उतरलेले गणवेश मापाप्रमाणे वाटायचे, पंच मिळवायचा, बसची सोय लावायची आणि परतताना शेवटची मुलगी घरी पोहोचेपर्यंत शाळेच्या दारात थांबायचे, ही सारी कामे कराराच्या कागदावर नसत, पण ती त्याचीच मानली जात. प्रतिस्पर्धी शाळाही शोधाव्या लागत, कारण आसपासच्या चार शाळांत संघ नसेल तर सामना कोणाशी खेळायचा; म्हणून पहिल्या पिढीतील प्रशिक्षकांनी शेजारच्या शाळांतील सहकाऱ्यांना संघ काढायला भरीस घातले, त्यांतून स्थानिक साखळ्या तयार झाल्या, आणि त्या पुरेशा वाढल्यावर राज्य संघटनेकडे मुलींच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेची मागणी करता आली. राज्यामागून राज्य ही मागणी मान्य होत गेली.

शिकवण्याची पद्धतही या परिस्थितीतून घडली. शालेय नियमांनुसार सामना चाळीस मिनिटांच्या दोन भागांचा असतो आणि बदली म्हणून बाहेर आलेल्या खेळाडूला पुन्हा आत जाता येते, जे आंतरराष्ट्रीय सामन्यांत चालत नाही. या सवलतीचा उपयोग करून शिक्षक-प्रशिक्षक नवख्या मुलीलाही काही मिनिटे मैदानावर पाठवू शकत होते, आणि संघ मोठा ठेवू शकत होते. ज्या मुलींना पडायची, धक्का लागायची, कोणाच्या पायातून चेंडू काढून घ्यायची सवय घरात किंवा अंगणात कोणी लावलेली नव्हती, त्यांच्याकडून पहिल्या काही आठवड्यांत डावपेचांपेक्षा अशा साध्या गोष्टींचाच सराव करून घ्यावा लागे. या प्रशिक्षकाला एक गोष्ट उपलब्ध होती जी क्लबच्या प्रशिक्षकाला नसते : तो त्याच मुलीला सकाळी वर्गात पाहत असे. टेक्सास राज्याने १९८४ मध्ये अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला खेळण्यास मनाई करणारा नियम कायद्यानेच केला आणि इतर राज्यांतही गुणांची किमान अट असते. ती अट पाळली जावी म्हणून सरावाआधी मुलींचा अभ्यास घेणारा प्रशिक्षक हा शाळेचाच माणूस असणे फार उपयोगी पडले. माध्यमिक शाळेच्या सॉकरचे खरे मोल याच जोडणीत आहे, असे या इतिहासाकडे पाहताना निःशंकपणे म्हणता येते.

कायद्याची धारही मध्यंतरी बोथट झाली होती. ज्या विशिष्ट कार्यक्रमाला थेट सरकारी पैसा मिळतो त्यालाच हा कायदा लागू होतो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ‘ग्रोव्ह सिटी’ प्रकरणात लावल्यामुळे खेळ त्याच्या कक्षेबाहेर गेले, आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने १९८८ मध्ये नवा कायदा केल्यावरच ते पुन्हा आत आले. या चार वर्षांतही शाळांचे संघ खेळत राहिले.

संघ असणे आणि संघाला बरोबरीचे स्थान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हंगामाच्या वादात दिसते. न्यूयॉर्क राज्यात बहुसंख्य शाळा मुलींचा सॉकर शरद ऋतूत खेळवतात आणि राज्य अजिंक्यपदही त्याच हंगामात होते. मामारोनेक आणि पेलहॅम येथील शाळांनी मात्र मुलांचा संघ शरदात ठेवून मुलींचा संघ वसंतात ढकलला होता, त्यामुळे त्या मुलींना राज्यस्तरावर खेळण्याची वाटच बंद होती. मैदाने, प्रशिक्षक आणि पंच पुरत नाहीत, ही शाळांची सबब होती. संघराज्याच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये ती फेटाळली, आणि अजिंक्यपदाची आशा मुलांना द्यायची पण मुलींना नाही, यातून मुलींच्या खेळाला दुय्यम ठरवण्याचा संदेश जातो, असा निष्कर्ष काढला. वरवर पाहता हा केवळ वेळापत्रकाचा वाद वाटतो. परंतु ज्या संघापुढे गाठायचे काही नाही त्या संघाला थंडीत सरावाला उभे करणे किती अवघड असते, हे कोणताही क्रीडाशिक्षक सांगू शकेल.

याहून अधिक महत्त्वाचा निकाल दुसऱ्याच खेळातून आला, आणि तो थेट शिक्षक-प्रशिक्षकाविषयी आहे. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात एन्सली हायस्कूलमध्ये रॉडरिक जॅक्सन हे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. आपल्या संघाला मुलांच्या संघाइतका पैसा आणि तशा सोयी मिळत नाहीत, अशी तक्रार त्यांनी डिसेंबर २००० पासून वरिष्ठांकडे केली, आणि मे २००१ मध्ये त्यांचे प्रशिक्षकपद काढून घेण्यात आले. शिक्षकाची नोकरी राहिली, प्रशिक्षणाचे मानधन गेले. वर उल्लेखिलेला करारातील बारकावा येथे किती बोचरा ठरतो ते यावरून कळते : मुलींच्या बाजूने बोलणारा माणूस नोकरीवरून न काढताही गप्प करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २००५ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की भेदभावाची तक्रार करणाऱ्याला दिलेली शिक्षा हाही त्याच कायद्याखाली भेदभाव होय, आणि न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलेल्या निकालपत्रात ही गोष्ट स्पष्टपणे मांडली आहे की तक्रार करणाऱ्यांना संरक्षण नसेल तर कायद्याची अंमलबजावणीच कोलमडेल, कारण अन्याय सर्वांत आधी दिसतो तो शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना. सॉकर, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल अशा सर्वच खेळांतील शिक्षकांना या निकालाने कवच दिले.

या इतिहासातील एक वेदनादायक उलटफेर मात्र नोंदवलाच पाहिजे. मुलींच्या खेळात पैसा, मान आणि वेतन आल्यावर ती पदे पुरुषांना आकर्षक वाटू लागली. महाविद्यालयीन पातळीवर १९७२ मध्ये महिला संघांच्या प्रशिक्षकांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या, तर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या निम्म्याहून कमी राहिल्या. ‘प्ले डे’च्या काळातील शिक्षिकांचे धोरण चुकले असले तरी मुलींच्या खेळाचा कारभार स्त्रियांच्या हाती असावा हा त्यांचा आग्रह चुकीचा नव्हता, आणि समान संधीच्या मार्गावर तो हरवला.

शाळांतून उभा राहिलेला हा खेळ राष्ट्रीय पातळीवर कधी पोहोचला, हे तारखांवरून स्पष्ट होते. अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाचा पहिला सामना १८ ऑगस्ट १९८५ रोजी इटलीतील येझोलो येथे झाला आणि तो इटलीने १–० असा जिंकला. त्याआधी उत्तर कॅरोलायना विद्यापीठात अॅन्सन डोरन्स यांनी १९७९ मध्ये महिलांचा संघ सुरू केला होता आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेची पहिली महिला स्पर्धा झाली होती. पण त्या विद्यापीठांना तयार खेळाडू मिळत होत्या त्या माध्यमिक शाळांतून. वॉशिंग्टन राज्यातील शोरक्रेस्ट हायस्कूलमधून मिशेल एकर्स आल्या. कनेक्टिकटच्या विल्टन हायस्कूलमध्ये शिकत असतानाच क्रिस्टीन लिली १९८७ मध्ये सोळाव्या वर्षी राष्ट्रीय संघातून खेळल्या, आणि त्याच दिवशी पंधरा वर्षांच्या मिया हॅम यांनीही पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. हॅम यांचा जन्म १७ मार्च १९७२ चा, म्हणजे टायटल नाइनवर स्वाक्षरी होण्याच्या तीन महिने आधीचा; पुढे व्हर्जिनियातील लेक ब्रॅडॉक शाळेच्या संघातून त्यांनी १९८९ चे राज्य अजिंक्यपद जिंकले. ३० नोव्हेंबर १९९१ रोजी चीनमधील ग्वांगझू येथे पहिल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नॉर्वेला २–१ असे हरवणारा संघ म्हणजे शालेय संघ उभे राहत असताना वाढलेली पहिली पिढी होती, आणि १० जुलै १९९९ रोजी पॅसाडेना येथील रोज बोल मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला ९०,१८५ प्रेक्षक जमले, त्यांत मुलींची गर्दी मोठी होती.

या यशानंतर शाळेसमोर नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला, तो म्हणजे वर्षभर चालणारा आणि भरपूर शुल्क घेणारा खासगी क्लब. राष्ट्रीय सॉकर महासंघाने २०१७ मध्ये मुलींसाठी विकास अकादमी सुरू केली आणि तिच्यातील खेळाडूंना सर्वसाधारणपणे शाळेच्या संघातून खेळण्याची मुभा ठेवली नाही. सरावाचा दर्जा वाढावा हे त्यामागचे कारण होते. पुष्कळ मुलींना आणि पालकांना ही निवड जाचक वाटली, आणि एप्रिल २०२० मध्ये ती अकादमी बंद झाली. क्लबचे प्रशिक्षण तांत्रिकदृष्ट्या सरस असू शकते, हे मान्य करावे लागते. परंतु ज्या मुलीचे पालक हजारो डॉलरचे शुल्क भरू शकत नाहीत तिच्यासाठी अजूनही शाळेचे मैदान हेच पहिले आणि बहुधा एकमेव मैदान आहे, आणि त्या मैदानावर उभा असलेला माणूस तिचा शिक्षक असतो.

न्यायालयांचे निकाल ग्रंथालयांत सुरक्षित आहेत आणि विश्वचषकांची चित्रफीत जगभर पाहिली जाते. पहिल्या पिढीतील शिक्षक-प्रशिक्षकांच्या कामाच्या नोंदी मात्र शाळांच्या वार्षिकांकांत, कपाटांतील करंडकांवर आणि स्थानिक वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत विखुरल्या आहेत, आणि सत्तरच्या दशकात तिशीत असलेले ते शिक्षक आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या मुली आता स्वतः प्रौढ आहेत. त्यांनी, शाळांनी आणि स्थानिक इतिहासमंडळांनी या शिक्षकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, सरावाच्या वह्या आणि सामन्यांची वेळापत्रके जमा करावीत, आणि हे काम पुढच्या काही वर्षांतच करावे.